दोरेवाल्यांना बोलावताना

मैत्रिणींनो, कराडच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आम्ही ओळखीपाळखीच्या चाळीसेक जणी क्रोशाच्या लेस विणतो. तुळशीच्या लग्नानंतर एक दिवसाचा मेळावा भरवायचं ठरलं आहे. हॉल मिळाला, शिकवायला दोघी बाई तयार झाल्या. दोरे-सुया विकणारेही यावेत असं सगळ्यांचं म्हणणं पडलं आणि ते काम माझ्या गळ्यात आलं. दोन दुकानदारांना विचारलं तर ते नुसते हसले. काय करू?"

ते का हसले ते मला चांगलं ठाऊक आहे. बायकांच्या मेळाव्याला जाऊन हात पोळलेला दुकानदार गावोगाव एखादा तरी असतो. आमच्याकडेही होता, आणि त्याचे हात मीच पोळले होते. तेव्हा आज माझीच फजिती आधी सांगते.

1986 सालची गोष्ट. आमच्या महिला मंडळाचा विणकामाचा पहिलाच मेळावा. पुण्याच्या रविवार पेठेतले एक वयस्कर दोरेवाले ओळखीचे होते, आम्ही सगळ्या त्यांना काकाच म्हणायचो. मंडळाच्या सभेत मी विचारलं, किती जणी येतील? एक म्हणाली, मी चार जणी आणते. दुसरी म्हणाली, माझ्या नणंदा-जावाच सहा आहेत. मी मनातल्या मनात बेरीज केली आणि काकांना पोस्टकार्ड टाकलं, "दीडशे बायका येतील, भरपूर माल आणावा." मेळावा धरला गुरुवारी, कारण हॉल गुरुवारीच रिकामा होता. तो का रिकामा होता, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मार्गशीर्षातला गुरुवार तो! घरोघरी घट मांडलेले, उपास, संध्याकाळी हळदीकुंकवाला सवाष्णी यायच्या. कोण कशाला दुपारभर विणत बसतंय?

आल्या सत्तावीस जणी. काका पत्र्याच्या दोन पेट्या एस.टी.च्या टपावर टाकून आणि हमाल करून आले होते. विक्री झाली 183 रुपयांची. त्यातून आमच्या खजिनदारबाईंनी टेबलाच्या भाड्याची पावती फाडून 15 रुपये घेतले ते वेगळेच. पाच वाजता काका खाली बसून गुंडे परत खोक्यांत भरत होते. मी काहीतरी सारवासारव करू लागले, तर म्हणाले, "असू द्या वहिनी." एवढंच. पुढं कितीतरी दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं, की त्यांनी तो माल मुंबईच्या ठोक व्यापाऱ्याकडून खास आमच्यासाठी उधारीवर उचलला होता आणि मांडण्यासाठी फोडलेली खोकी त्या व्यापाऱ्यानं परत घेतली नाहीत. पुढच्या वर्षी काकांचं कार्ड आलं, प्रकृती बरी नसते, येणं जमणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, नाही आला दोरेवाला तर काय अडलं? आपण पुण्याला जाऊ, तुळशीबाग आणि बोहरी आळी पालथी घालू आणि दोरा घेऊन येऊ. आम्हीही तेच केलं. 1987 ला आम्ही चौघी गेलो, तीन दुकानांतून मिळेल तो पांढरा दोरा आणला आणि आणल्या भावात मेळाव्यात वाटला. फार हुशारी केली असं वाटलं. आमच्या शेजारच्या काकूंनी लेकीच्या रुखवतासाठी टेबलक्लॉथ घातला होता. आधीचे आठ गुंडे त्यांच्याकडचे, कमी पडले म्हणून तीन आमच्या पेटीतले घेतले. नंबर तोच, लेबलावर पांढराच लिहिलेलं. सहा महिने विणत होत्या, रात्री जेवणं आटोपल्यावर दिव्याखाली. वैशाखात लग्न झालं. रुखवत मांडलं कार्यालयाच्या खिडकीपाशी. तिथल्या उन्हात टेबलक्लॉथचा एक भाग निळसर पांढरा आणि उरलेला ताकासारखा. मुलाकडच्या एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "ही डिझाइनच आहे का हो?" काकू हसून म्हणाल्या, "हो, डिझाइनच आहे." आणि घरी येऊन माजघरात बसून रडल्या.

पांढऱ्यात पांढरं असतं ते असं. कापसाचा दोरा धुऊन, ब्लीच करून पांढरा करतात, त्यावर उजळपणासाठी रसायन चढवतात. प्रत्येक घाण्याला त्यात थोडा उणेअधिकपणा येतोच. म्हणून गुंड्याच्या लेबलावर रंगाच्या नंबराखेरीज आणखी एक आकडा असतो, तो लॉटचा नंबर. रंग एकच, पण लॉट वेगळा असला की उन्हात फरक उठून दिसतो. ट्यूबलाइटखाली मात्र दिसत नाही. आता फोनवर दुकानदाराला फोटो पाठवता येतो, पण फोटोत पांढरा, दुधी आणि मोतिया सगळे सख्खे भाऊ दिसतात, त्याचा भरवसा धरू नये.

मेळाव्याला दोरेवाला बोलावण्यात खरा फायदा आहे तो हा. एका बाईला एका वस्तूसाठी लागणारा सगळा दोरा एका लॉटचा, डोळ्यांदेखत, उजेडात पारखून मिळावा. चार पैसे स्वस्त मिळतो का नाही, ते नंतर. पण तो लॉट तेवढा घेऊन तुमच्या गावापर्यंत त्यानं यावं, तर त्याला आधी खरा आकडा हवा. "भरपूर माल आणा" हा निरोप नव्हे.

खरा आकडा काढायचा कसा, ते सांगते. मेळाव्याच्या आधी महिनाभर प्रत्येकीनं ठरवावं, आपण काय विणणार. तोरण, ताटाभोवतीची महिरप, परकराची लेस, बाळाच्या झबल्याला गळपट्टी, उशीच्या अभ्र्यांच्या कडा, काय असेल ते. मग ज्या दोऱ्यानं विणणार त्या दोऱ्याचं एक फूल विणून बघावं आणि त्याचं वजन करावं. घरातल्या तराजूवर एवढं हलकं वजन नीट येत नाही, दहा फुलं विणून करा किंवा ओळखीच्या सोनाराकडून करून घ्या. आमचा सोनार आधी वैतागायचा, आता त्याची बायकोच विणते. समजा एक फूल 4 ग्रॅमचं आलं आणि चहाच्या टेबलावरच्या रुमालाला सहा ओळी, दर ओळीत सहा फुलं, तर 36 फुलांचे 144 ग्रॅम झाले. कडेला आणि जोडायला 20 ग्रॅम धरा. म्हणजे 164. वीस ग्रॅमचा गुंडा असेल तर आठ पुरत नाहीत, नऊ लागतात. दहावा मागवून ठेवावा, उरला तर परत द्यावा. हात सैल असेल तर जास्त लागतो, हे ज्याचं त्याला माहीत असतंच.

अशा सगळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा करून एका कागदावर आणायच्या. 40 नंबर पांढरा किती, 20 नंबर मोतिया किती, 10 नंबर किती. नवशिक्यांसाठी एवढं सांगते, नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, आणि एका कंपनीचा 20 नंबर दुसरीच्या 20 ला तंतोतंत जुळेलच असं नाही, म्हणून कागदावर कंपनीचं नावही घाला. दोरा मर्सराइज्ड हवा असंही लिहा. त्याला चकाकी असते आणि धुतल्यावर त्याचे तंतू उभे राहत नाहीत. सुयांचंही तसंच. 40 नंबरला साधारण 1 मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक, 20 ला सव्वा, 10 ला दीड किंवा पावणेदोन. सुईवाला वेगळा असेल तर त्याला सांगून ठेवा, 1 आणि सव्वाच्या जास्त आणा. त्याच बायकांकडून हरवतात, सोफ्याच्या गाद्यांत जातात.

चिठ्ठीबरोबर थोडे पैसे आगाऊ घ्यायचे. पाव हिस्सा पुरे. पैसे दिले की बाई येतेच, आणि नाही आली तरी तिचा दोरा मैत्रीण नेते. यावर आमच्यात वाद झाला होता. काही जणी म्हणाल्या, आपल्याच माणसांकडून आगाऊ कसलं घ्यायचं, बरं दिसत नाही. मला विचाराल तर, दीडशे सांगून सत्तावीस येणं हे जास्त वाईट दिसतं. पैशांची वही मात्र मंडळाच्या वहीहून वेगळी ठेवा.

हा कागद आणि आगाऊ रक्कम हातात घेऊन दुकानदाराकडं स्वतः जा. शक्य तर दोघी जा. मी 1989 ला काकांकडं गेले होते. पाय उचलत नव्हता, पण काकूंच्या त्या टेबलक्लॉथनं मला ढकललं म्हणा ना. काका गल्ल्यावर बसले होते. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, पेन्सिलीनं बाजूला आकडे मांडले, मग म्हणाले, "बायका किती?" मी म्हणाले, "पैसे दिलेल्या 34. बाकी आल्या तर आल्या." ते म्हणाले, "मग 34 चाच आणतो." आणि आले.

जाल तेव्हा चार गोष्टी बोलून घ्या. एक, न फोडलेला, लेबल न काढलेला गुंडा किती दिवसांत परत घेणार. महिनाभर घेतात बहुतेक, सांगितलं तर दोन महिनेही. दुसरी फार महत्त्वाची आहे. मोठी वस्तू विणणारीसाठी त्याच लॉटचे दोन गुंडे तिच्या नावानं बाजूला राखून ठेवणार का? एखादीचा दोरा अगदी शेवटच्या ओळीला संपतो, तेव्हा हे दोन गुंडे म्हणजे देव पावला. तिसरं, माल उरला तर तोटा कुणाचा. माझं मत असं, की कागदावर जेवढं मागवलं तेवढ्याची जबाबदारी मंडळाची आणि त्यानं आपल्या अंदाजानं वर जे आणलं ते त्याचं. पण हे आधी बोललेलं असावं, संध्याकाळी पेटी भरताना नव्हे. चौथं, पावती. प्रत्येकीला छापील पावती आणि तिच्यावर लॉट नंबर. दुकानदार कुरकुरतील, चाळीस पावत्या कोण लिहीत बसणार म्हणून. तर आपली एक पोरगी बसवा त्यांच्या शेजारी लिहायला.

टेबलाचं काय घ्यायचं, याबद्दल खूप ठिकाणी टक्केवारीची पद्धत असते, विक्रीच्या शंभरातले पाच-दहा मंडळाला. ती मला पटत नाही. ते पाच-दहा दुकानदार आपल्याच भावात घालतो आणि भरते ती आपलीच बाई. वर विक्री किती झाली यावरून दोघांच्याही मनात किंतु. त्यापेक्षा ठरावीक माफक रक्कम घ्या, किंवा काहीच घेऊ नका आणि हॉलचा खर्च वर्गणीतून काढा. त्याला जेवण मात्र घाला. डबा घेऊन आला असेल तरी पान वाढा.

वार कोणता? गुरुवार नको, हे आता सांगायला नको. दोरेवाल्याच्या दुकानाची साप्ताहिक सुट्टी असेल तो वार सर्वांत बरा. त्या दिवशी त्याचं दुकान बंद ठेवून नुकसान होत नाही आणि तो घाईही करत नाही. वेळ दुपारी बारा ते पाच. रविवारी घरात माणसं असतात, "चहा कुठाय" सुरू होतं, आमच्या ह्यांनी तर एकदा हॉलवर निरोप पाठवला होता, साखरेचा डबा कुठे ठेवलाय म्हणून.

एकाच मालाचे दोन दुकानदार बोलवायचे असतील तर दोघांनाही आधी सांगा की दुसराही येतोय. न सांगता समोरासमोर टेबलं लावलीत तर दोघांपैकी एक पुढच्या वर्षी येत नाही आणि येणारा भाव चढवतो. गावच्या दुकानदारालाही विसरू नका. वर्षभर अडीनडीला एक गुंडा त्याच्याकडूनच आणायचा असतो. बाहेरचा आणून त्याच्या नाकावर टिच्चून मेळावा केलात तर तो उद्या क्रोशाचा दोरा ठेवायचाच बंद करील. त्याला कापड, सुताच्या फिती, बटणं, टॅटिंगची शटलं असं काही वेगळं मांडायला सांगता येतं.

हॉलमध्ये दोऱ्याचं टेबल खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. टेबलावर गडद निळी किंवा काळी चादर अंथरा, पांढऱ्यातला फरक तिच्यावर चटकन कळतो. प्रत्येक प्रकारचा एकच गुंडा उघडा ठेवायला सांगा, हात लावून बघायला. बाकीचे खोक्यात. आणि खाण्याचं टेबल हॉलच्या अगदी दुसऱ्या टोकाला! आमच्याकडं एकदा कुणीतरी भजी खाऊन तसाच 60 नंबरचा पांढरा चाचपला होता. तो गुंडा कुणी घेतलाय हो? मंडळानं घेतला, अजून कपाटात आहे, तेलाच्या पाच बोटांसकट. जिना चढून वरचा हॉल असेल तर पेट्या चढवायला दोन मुलगे सांगून ठेवा. आणि आता फोनवर पैसे देतात बऱ्याच जणी, पण सासूबाईंच्या वयाच्या बायका कमरेच्या बटव्यातूनच देतात, तेव्हा सुटे आणून ठेवावेत.

शिकवणं चालू असताना विक्री बंद ठेवावी, असं आमचं झालं आहे. नाहीतर बाई मुका खांब दाखवत असतात आणि निम्म्या जणी टेबलापाशी. पण तेही दुकानदाराला आधी सांगून. दीड तास विणणं, मग अर्धा तास चहा-खरेदी, पुन्हा विणणं, असं धरलं की दोघांनाही बरं पडतं.

एक गोष्ट राहिली आणि ती जरा नाजूक आहे. मेळाव्याला आलेला एखादा विक्रेता हळूच म्हणतो, "ताई, तुमचा हात छान आहे. दोरा मी देतो, विणून मलाच द्या, नगावर पैसे देतो." घरबसल्या दोन पैसे, म्हणून बायका हरखतात. वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण आंध्र प्रदेशात गोदावरी समुद्राला मिळते त्या भागात नरसापूर म्हणून गाव आहे, तिथलं उदाहरण डोळ्यांपुढं ठेवा. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथं क्रोशाची लेस आणली, पुढं ती परदेशात जाऊ लागली. व्यापाऱ्यांचे मध्यस्थ घरोघरी दोरा टाकायचे, बायका विणायच्या आणि मध्यस्थ नगावर मजुरी देऊन माल उचलायचे. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी त्या बायकांवर 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. दिवसाचे कितीतरी तास विणूनही हातात पडायचं ते अगदी किरकोळ, आणि वर सगळे म्हणायचे, या काही कामगार नव्हेत, गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात. दोरा कुणाचा, गिऱ्हाईक कुणाला माहीत, हे दोन्ही व्यापाऱ्याच्या हातात असलं की भावही त्याचाच.

म्हणून आम्ही दोरा विकणाऱ्याला मेळाव्यात काम वाटू देत नाही. कुणाला करायचंच असेल तर नंतर, दुसऱ्या दिवशी, दोघी-तिघींनी मिळून बोलावं. आधी एक नग विणून घड्याळ लावून तास मोजावेत, मग दर ठरवावा आणि तो कागदावर घ्यावा. दोऱ्याचे पैसे मजुरीतून कापणार का, बिघडलेला नग कुणाच्या माथी, हेही त्यातच. विक्रेत्याला राग आला तर समजावं की बोललो ते बरं झालं.

काका 1989 पासून पुढं बरीच वर्षं येत राहिले. आता त्यांची सून येते, छोट्या टेंपोतून, तिच्या खोक्यांवर लॉटचे आकडे जाड पेननं लिहिलेले असतात. ती फार बोलत नाही. आमचा कागद गेला की दोन दिवसांत तिचा फोन येतो, "40 चा पांढरा एका लॉटचा साठच आहे, तुमचे सत्तर आहेत. कुणाचे कमी करू?" मग मी चिठ्ठ्या काढून बसते आणि ज्यांची वस्तू छोटी त्यांना विचारते, बाई, तुझं मोतियात चालेल का?

कराडच्या भगिनींनी त्या हसलेल्या दोन दुकानदारांपैकी एकाकडं असा कागद घेऊन पुन्हा एकदा जावं. काय म्हणाले ते मला जरूर कळवा.